ओल्या गोधडीची घंटा

पनवेलला १८७२ साली वैद्य कृष्णशास्त्री पुराणिकांनी धूतपापेश्वर हा आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला. त्याच वर्षी तिकडे ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकला माइनहार्ड फॉन फाउंडलर जन्मला. पुढे तो बालरोगतज्ज्ञ झाला, आणि अंथरूण ओलं करणाऱ्या मुलांसाठी त्याच्या हातून जे घडलं ते काढा-गोळीच्या वाटेने गेलंच नाही.

आयुर्वेदाला ही तक्रार जुनीच. शार्ङ्गधर संहितेत बालरोगांमध्ये 'शय्यामूत्र' हे नाव स्वतंत्रपणे येतं. घरोघरी मात्र औषधाआधी काळे तीळ आणि गूळ, आणि त्याच्याही आधी बोलणी. "विस्तवाशी खेळलास ना काल?" असं आजी विचारायची. सकाळी दोरीवर गोधडी चढली की आळीला वेगळं सांगावं लागत नसे. बरं, रात्री उठायचं तर संडास परसात, वाटेत काळोख, हातात कंदील.

पण खरी अडचण कंदिलाच्याही अलीकडची आहे. मूल जागंच होत नाही. मूत्राशय भरल्याची खबर झोपेतल्या मेंदूला उठवू शकत नाही. यात आळस नाही, हट्ट तर नाहीच. आईवडील दोघांनाही लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाच्या घरात जाते. म्हणजे पोरावर हात उगारणारा बाप कित्येकदा स्वतःचंच बालपण विसरलेला असतो.

फाउंडलरने १९०४ मध्ये एक विजेचं उपकरण दाखवलं. अंथरुणाखालचा पडदा ओला झाला की विजेचं मंडल पूर्ण व्हायचं आणि घंटा वाजायची. ती मुलासाठी नव्हतीच. परिचारिकेने येऊन कापड बदलावं, एवढाच हेतू. काही आठवड्यांनी दिसलं की घंटेच्या पलंगावरची मुलं कोरडी राहू लागली आहेत. इलाज असा न बोलावता आला, आणि तरी तीसेक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी वळलं नाही.

वळले ते अमेरिकेतले होबार्ट मॉवरर आणि त्यांची पत्नी विली मे. न्यू हेवनमधल्या मुलांच्या एका निवासात हे जोडपं पालक म्हणून राहत होतं. सकाळच्या ओल्या चादरी त्यांना रोज दिसत. संकेत मिळताच शरीराने सवयीने प्रतिसाद द्यावा, या पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगाचा धागा धरून त्यांनी जाड सुती गादीत कांशाची जाळी बसवली. घंटा वाजली की मुलाने उठायचं, संडासला जायचं, परत येऊन झोपायचं. सलग सात रात्री कोरड्या गेल्या की झोपण्याआधी मुद्दाम जास्त पाणी द्यायचं आणि पुन्हा सात रात्री मोजायच्या. १९३८ मध्ये त्यांनी ३० मुलांचा अनुभव छापला. दोन महिन्यांच्या आत सगळी कोरडी झाली होती.

इतकं निर्भेळ यश पुढे कुणाला मिळालं नाही. आजचा साधारण हिशेब असा, की घंटा नेटाने वापरणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश मुलं कोरडी होतात आणि काहींचा त्रास उलटतो. त्यांना ती पुन्हा लावावी लागते. जाळीची गादी आता गेली. चड्डीला चिमट्याने लावायचा छोटा सेन्सर आणि खांद्यापाशी अलार्म, एवढ्यावर भागतं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मात्र त्याची गरज नाही. तोवर ओलं होणं हे वाढण्यातच येतं.

पनवेलच्या वन-बीएचकेत या अलार्मची खरी परीक्षा होते. एकाच खोलीत आजी, धाकटी भावंडं, सकाळची लोकल पकडणारा बाप. अलार्म वाजतो तेव्हा सगळे जागे होतात, ज्याने व्हायचं तो सोडून. पहिले काही आठवडे आईने किंवा वडिलांनी त्याला हलवून उभं करायचं, दिवा लावायचा, अलार्म त्याच्याच हाताने बंद करायला लावायचा, आणि कोरडी चादर घालतानाही त्यालाच एक टोक धरायला द्यायचं. भिंतीवरच्या कालनिर्णयवर कोरड्या रात्रींच्या खुणा होत जातात. सलग चौदा झाल्या की सेन्सर कपाटात जातो.