दशावतारी गंजीफा व क्रीडाविश्वांतील प्रमाणकथा

दशावतारी गंजीफा : विष्णूच्या दहा अवतारांवर आधारलेला भारतीय पत्त्यांचा खेळ. एखादे कथाविश्व खेळाच्या साहित्यात उतरविले म्हणजे त्यातील कोणती कथा प्रमाण मानावयाची, तीत बदल करण्याचा अधिकार कोणास आणि भिन्न विश्वे परस्परांस कशी जोडावयाची, हे प्रश्न उद्भवतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत उदयास आलेल्या भूमिकाखेळांत त्यांचा बराच ऊहापोह झाला. तथापि महाराष्ट्रात त्यांचे अधिक जुने उदाहरण सावंतवाडीच्या गंजीफ्यात आढळते.

गंजीफा भारतात मोगलांबरोबर रूढ झाला. बाबराने १५२७ मध्ये सिंधमधील शाह हसन यास गंजीफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत बारा रंगांच्या १४४ पत्त्यांचे वर्णन येते. पुढे आठ रंगांचा, ९६ पत्त्यांचा मोगली गंजीफा प्रचलित झाला. ताज, शमशेर, गुलाम, बरात इ. त्याचे रंग दरबार व खजिना यांचे विश्व उभे करतात. दशावतारी गंजीफ्यात रंग दहा व पत्ते १२० असतात. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक्क्यापासून दहापर्यंतचे पत्ते असतात. दरबारी चौकट येथे तशीच राहिली. राजाच्या जागी मात्र अवतार आला. दोन भिन्न विश्वांची ही सांधणी कोणत्याही शास्त्रग्रंथाच्या आज्ञेने झालेली नाही.

कथा येथे केवळ चित्रांपुरती नसून ती नियमांतही शिरली आहे. दिवसा खेळताना रामाचा राजा ज्याच्याकडे असेल तो व रात्री कृष्णाचा राजा ज्याच्याकडे असेल तो खेळास आरंभ करतो. राम सूर्यवंशी व मध्यान्ही जन्मलेला, तर कृष्ण मध्यरात्री जन्मलेला, या सर्वपरिचित कथेशी हा नियम जुळतो. निम्म्या रंगांत दश्शा श्रेष्ठ, तर उरलेल्यांत एक्का श्रेष्ठ असतो. हुकमाचा रंग नसल्याने गेलेल्या पत्त्यांची स्मृती हेच खेळाडूचे मुख्य बळ होय.

प्रमाणकथेचा प्रश्न नवव्या अवताराच्या बाबतीत सर्वांत स्पष्ट होतो. पुराणांतील यादीत येथे बहुधा बुद्ध येतो. काही परंपरांत बलराम गणला जातो. महाराष्ट्रात या स्थानी विठ्ठल, तर ओडिशात जगन्नाथ चित्रित झालेला आढळतो. चिन्हेही प्रांतपरत्वे बदलतात; रामाचा रंग कोठे बाणाने, तर कोठे वानराने दर्शविला जातो. ओडिशात रामपक्ष व रावणपक्ष अशी विभागणी असलेले रामायणी गंजीफेही होते. स्थलपरंपरांतही अशीच बहुविधता दिसते. नाशिकची पंचवटी ही महाराष्ट्रात रामाच्या वनवासाची भूमी मानली जाते. काळाराम मंदिर, सीतागुंफा व तपोवन यांनी ती कथा तेथे दृढ केली आहे. तेलंगणात भद्राचलमजवळील पर्णशाला हे गावही हाच मान सांगते. एका स्थळाच्या श्रद्धेने दुसऱ्याची श्रद्धा बाधित होत नाही. मात्र खेळास इतकी सैल मोकळीक परवडत नाही. एका जोडातील सर्व पत्ते एकाच परंपरेचे असावे लागतात आणि रंगांची संख्या व पत्त्यांचा क्रम निश्चित असावा लागतो. म्हणजे आकृतिबंध स्थिर आणि आशय प्रादेशिक, अशी ही व्यवस्था आहे.

आधुनिक भूमिकाखेळांत हा अधिकार प्रकाशनसंस्थेकडे गेला. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९८० मध्ये त्याच्या एका ग्रंथात इंद्र, विष्णू, यम प्रभृती भारतीय देवताही समाविष्ट झाल्या. ‘फरगॉटन रेल्म्स’ (१९८७) यांसारखी स्वतंत्र विश्वे पुढे ‘स्पेलजॅमर’ (१९८९) व ‘प्लेनस्केप’ (१९९४) यांनी परस्परांस जोडली. खेळाचे ग्रंथ व त्यांवरील कादंबऱ्या वाढत गेल्या, तसतशी विसंगतीही वाढली. अखेर २०२१ मध्ये, २०१४ नंतरच्या पाचव्या आवृत्तीच्या क्रीडाग्रंथांतील मजकूरच त्या आवृत्तीपुरता प्रमाण होय, असे प्रकाशकांनी जाहीर केले. तरीही प्रत्यक्ष पटाभोवती जमलेली मंडळी आपली कथा आपणच ठरवितात.

गंजीफ्यात प्रमाण ठरविणारे होते चितारी व खेळाडू. कागद वा कापडावर चिंचोक्याच्या खळीचे थर देऊन, त्यावर रंगकाम व लाखेचे लेपन करून ते गोल पत्ते तयार करीत. छापील विलायती पत्ते स्वस्त मिळू लागताच ही मागणी ओसरली. सावंतवाडीस ही कला लुप्त होण्याच्या मार्गावर असताना शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून घेतली व राजवाड्यात तरुण कारागिरांना शिकविण्याची सोय केली. सत्त्वशीलादेवींचे २०१८ मध्ये निधन झाले. आज हे पत्ते मुख्यतः शोभेची वस्तू म्हणून विकले जातात. त्यामुळे चित्रे टिकली, परंतु खेळ जाणणारे विरळ झाले. ज्या क्रीडाविश्वाचे नियम हातांत व स्मरणात असतात, ते चित्रांच्या जतनाने पुरते वाचत नाही. त्यास खेळणारे लागतात.