नाव बापाचे, घर पालकाचे

सौदी अरेबियात मूल दत्तक घेता येत नाही, हे आपल्याकडे निकाल दिल्यासारखे सांगितले जाते. जेद्दा-रियाधला नोकरी करून आलेले सांगतात आणि आपण मान डोलावतो. त्यामागचा पूर्वपक्ष असा: जो समाज परक्या मुलाला आपले नाव देत नाही, वारसा देत नाही, तो त्याला आपले मानतच नाही. पोटचे आणि घेतलेले यांत कागदावरसुद्धा फरक उरू नये, तेच खरे दत्तक. या मतामागची माया मला मान्य आहे, पण निष्कर्ष मान्य नाही.

आधी बंदी नेमकी कशावर आहे ते पाहू. कुराणाच्या 33 व्या सूरेत सांगितले आहे की, सांभाळलेल्या मुलांना त्यांच्या जन्मदात्यांच्या नावाने हाक मारा. बाप माहीत नसेल, तर ते तुमचे धर्मबंधू. त्याआधी पैगंबरांनी सांभाळलेल्या झैद या मुलाला लोक ‘मुहंमदाचा मुलगा’ म्हणत, त्यानंतर तो पुन्हा हारिसाचा मुलगा झाला. पण नाव बदलले म्हणून माया आटली नाही. हाच झैद पुढे मुअताच्या लढाईत सेनापती म्हणून पडला, आणि त्याचा मुलगा उसामा कोवळ्या वयात सैन्याचा प्रमुख नेमला गेला. खुद्द पैगंबर पोरके होते, आजोबांच्या आणि मग चुलत्यांच्या घरी वाढले. तेव्हा बंदी मूल सांभाळण्यावर नाही, त्याच्या जन्माबद्दल खोटे बोलण्यावर आहे. सांभाळणे म्हणजे ‘कफाला’, आणि ते मोठे पुण्यकर्म मानले जाते.

सौदी व्यवस्था इथवर येऊन थांबत नाही. मूल मोठे झाल्यावर पडद्याचा प्रश्न येतो: घरात वाढलेली मुलगी पालक बापासमोर परक्या बाईसारखी वावरणार काय? याचे उत्तर दुधात आहे. हनबली मताप्रमाणे पहिल्या दोन वर्षांत पाच वेळा अंगावर पाजले, की दुधाचे नाते जुळते. पाजणारी दूधआई, तिचा नवरा दूधबाप, तिची मुले दूधभावंडे. त्यांच्यात लग्न निषिद्ध, आणि म्हणून पडदाही नाही. पालक आईला दूध येत नसेल, तर तिच्या नवऱ्याची बहीण पाजते आणि तो मुलीचा दूधमामा होतो. मूल न झालेल्या बायका औषधे आणि पंप यांच्या मदतीने दूध आणतात. ज्या बाईने परक्या तान्ह्यासाठी महिनोन्‌महिने हे सोसले, तिच्यापुढे ‘ते मुलाला आपले मानत नाहीत’ असे म्हणण्याची माझी तरी छाती होणार नाही.

आता ज्या देशाचा कायदा पूर्ण दत्तकाचा नमुना म्हणून दाखवतात, तिथे चला. जोन क्रॉफर्ड या हॉलिवूडच्या तारकेने 1940 साली एक तान्ही मुलगी दत्तक घेतली, तिला क्रिस्टिना असे नाव दिले. आडनाव मिळाले, कायद्याने हक्क मिळाला, मासिकांत मायलेकींची छायाचित्रे आली. 1977 मध्ये जोन गेल्या, तेव्हा मृत्युपत्रात क्रिस्टिना आणि दत्तक मुलगा क्रिस्टोफर या दोघांना काहीही ठेवले नव्हते. पुढच्याच वर्षी क्रिस्टिनाचे ‘मॉमी डिअरेस्ट’ हे पुस्तक आले, त्यात आईच्या मारहाणीच्या आणि अपमानाच्या हकीकती होत्या. दुसऱ्या दोन दत्तक मुलींनी त्या नाकारल्या. त्या घरात काय घडले याचा निवाडा मी करणार नाही. मात्र जे पूर्ण दत्तक आपण कफालेच्या डोक्यावर मारतो, त्याने मायेची हमी दिली नाही आणि वारशाचीही दिली नाही, एवढे मृत्युपत्रावरून दिसतेच.

मला अधिक अस्वस्थ करते ती हॉलिवूडचीच तारका लॉरेटा यंग यांची गोष्ट. 1935 साली त्यांना अभिनेता क्लार्क गेबलपासून ज्यूडी ही मुलगी झाली. लोकलाजेपायी ती अनाथालयात ठेवली गेली, आणि पुढे ‘दत्तक’ म्हणून घरी आणली. ज्यूडीचे कान बापासारखे होते. ते टोप्यांखाली झाकले, आणि ती सात वर्षांची असताना शस्त्रक्रियेने बसवून घेतले. सारे हॉलिवूड जाणत होते, तिला मात्र लग्नाआधी होणाऱ्या नवऱ्याकडून कळले. दत्तकाने तिला घर दिले, नाव दिले. बाप मात्र लपवला. कुराणातली ती आज्ञा नेमकी याच घावावर बोट ठेवते.

आणि हे आपल्याला परके का वाटावे? कुंती ही शूराची पृथा; कुंतिभोजाच्या घरी गेली तरी कृष्णाची आत्याच राहिली. 1956 चा हिंदू दत्तक कायदा दत्तकाला सर्वार्थाने नव्या घरचा मानतो, तरी जन्मघरी जिथे विवाह निषिद्ध होता, तो निषेध कायम ठेवतो. रक्ताची आठवण आपल्या कायद्यानेही पुसलेली नाही.

म्हणून सौदी व्यवस्था निर्दोष ठरते असे नाही. दुधाच्या नात्याने वारसा मिळत नाही. पालकाने जिवंतपणी दान द्यावे, किंवा मृत्युपत्राने फार तर एक तृतीयांश मालमत्ता लिहून द्यावी. न लिहिता तो गेला, तर मुलाचा हक्क शून्य. ही उणीव खरी आहे, आणि क्रिस्टिनाच्या उदाहरणाने ती भरून निघत नाही. बेवारस सापडलेल्या मुलांची अडचण त्याहून अवघड आहे. सरकारी भाषेत ती ‘विशेष परिस्थितीतील’ मुले. त्यांच्या कागदावर कल्पित बाप लिहावा लागतो, आणि कुळाला महत्त्व देणाऱ्या त्या समाजात सोयरीक जुळवताना तो कागद उघडा पडतो. सत्य सांगा म्हणणारा नियम इथे स्वतःच रचलेल्या नावावर चालतो. सौदी सुधारकांनी हात घालायचा तो इथे.

लॉरेटा यंग यांनी ज्यूडीला खासगीत मातृत्वाची कबुली दिली होती. त्यांच्याकडून ती जगासमोर आली ती 2000 साली, त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या अधिकृत चरित्रातून. ज्यूडी तेव्हा पासष्टीला पोहोचली होती.