गल्ल्यावर कोण बसतो?

अंबरनाथ, उल्हासनगर, डोंबिवली या पट्ट्यातल्या कुठल्याही हॉटेलात बसा. वेटर सगळ्यात आधी पाण्याचा ग्लास आणून ठेवतो. बारवी धरणाचे पाणी जांभूळ येथे एमआयडीसीच्या केंद्रात शुद्ध होते आणि या पट्ट्यातल्या मोठ्या वस्तीला पोहोचते. ते पाणी कोणी भरले, ग्लास कोणी विसळला, शेजारच्या टेबलावर कोण बसले आहे, हे कोणी विचारत नाही. हेच दाखवून आम्हाला वारंवार ऐकवले जाते, "धंद्याला जात नसते. पैसे द्या, जेवा, निघा. आता कसली जात घेऊन बसलात?"

हा दावा आम्ही इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहणार आहोत.

प्रवाशाला निवारा देणे ही या भूमीतली जुनी गोष्ट आहे. सम्राट अशोकाने आपल्या सातव्या स्तंभलेखात नोंदवले आहे की रस्त्यांच्या कडेला वड लावले, आमराया केल्या, विहिरी खोदल्या, विसाव्याच्या जागा आणि पाणपोया केल्या, माणसांसाठी आणि जनावरांसाठीही. याच अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा 1882 साली आपल्या शेजारच्या सोपाऱ्यात सापडला. नाशिकच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखातही सोपारा, गोवर्धन, भरूच, दशपूर येथे प्रवाशांसाठी चौसोपी विश्रामगृहे बांधल्याचा उल्लेख आहे. म्हणजे वाटसरूची सोय करणे हे राज्याचे काम मानले जात होते.

पुढे जातिव्यवस्था घट्ट झाली आणि याच वाटसरूला उंबऱ्यावर अडवून आधी त्याची जात विचारली जाऊ लागली. धर्मशाळा नावाने धर्माच्या, पण अस्पृश्याला ओटासुद्धा मिळेना. चहाची हॉटेले आली तेव्हा अस्पृश्याची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली. त्याने ती स्वतः घ्यायची, चहा वरून ओतला जायचा, प्यायल्यावर स्वतःच विसळून ठेवायची. पैसे मात्र आत जायचे. पैशाला विटाळ नव्हता, माणसाला होता!

"पैसा आला की जात गळून पडते" म्हणणाऱ्यांनी बाबासाहेबांचा बडोद्याचा अनुभव वाचावा. 1917 साली कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना ठाऊक होते. ते पारशी सराईत गेले. सराई फक्त पारशांसाठी होती, पण गिऱ्हाईक नव्हते. रोजच्या दीड रुपयाची गरज व्यवस्थापकालाही होती. नोंदवहीत पारशी नाव लिहिण्याच्या बोलीवर त्याने जागा दिली. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात आला आणि बाबासाहेबांना सराई सोडावी लागली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती, अशा दोन मित्रांकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही सबबी सांगितल्या. उरलेला वेळ सार्वजनिक बागेत काढून त्यांनी मुंबईची गाडी पकडली.

यात धंद्याचा हिशेब पाहा. खोली रिकामी होती, गिऱ्हाईक पैसे देणारे होते, व्यवस्थापक राजी होता. धंद्याच्या नियमाने सगळे जुळले होते. तरीही जातीच्या काठीपुढे धंद्याचा नियम अकरा दिवसही पुरता टिकला नाही. बाजार आपोआप जात मोडतो, हे म्हणणे तिथेच खोटे ठरते.

म्हणूनच आपल्या चळवळीने हा प्रश्न बाजाराच्या भरवशावर सोडला नाही. 1923 साली सीताराम केशव बोले यांनी मुंबई विधिमंडळात मंजूर करून घेतलेल्या ठरावात पाणवठे आणि विहिरींबरोबर सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या धर्मशाळाही अस्पृश्यांना खुल्या करण्याची तरतूद होती. याच ठरावाच्या पायावर 1927 चा महाडचा सत्याग्रह उभा राहिला. पुढे संविधानाच्या कलम 15 मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले हे शब्द स्पष्टपणे आले. 29 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत 'दुकान' या शब्दाच्या व्याप्तीबद्दल प्रश्न निघाला, तेव्हा बाबासाहेबांनी त्याचा अर्थ मुद्दाम रुंद केला. जो कोणी येणाऱ्याला आपली सेवा द्यायला बसला आहे, तो सगळा व्यवहार त्यात येतो, असे त्यांनी सांगितले. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने हॉटेलात प्रवेश नाकारणे आणि तिथली भांडी वापरू न देणे हा गुन्हा ठरवला. आज आपण ज्या टेबलावर बिनधास्त बसतो, त्यामागे हा लढा आहे. ती धंद्याची मेहेरबानी नाही.

पण हे सगळे कायदे गिऱ्हाइकाच्या बाजूचे आहेत. गल्ल्याच्या बाजूला काय झाले? त्यासाठी कोल्हापूरला जावे लागेल.

गंगाराम कांबळे हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी नोकर होते. सवर्णांच्या हौदातले पाणी घेतले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराज परगावाहून परतल्यावर त्यांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, गंगारामांना स्वतंत्र धंदा करायला सांगितले आणि त्यासाठी मदतही दिली. भाऊसिंगजी रोडवर गंगारामांचे 'सत्यसुधारक' हॉटेल उभे राहिले. जागा, भांडी, चहा, स्वच्छता, सगळे होते. गिऱ्हाईक तेवढे येईना. महाराच्या हातचा चहा प्यायचा कोणी? तेव्हा महाराजांनी भर रस्त्यात आपली गाडी गंगारामांच्या हॉटेलासमोर थांबवायला सुरुवात केली. स्वतः चहा घ्यायचे आणि गाडीतल्या सवर्ण मंडळींनाही पाजायचे. राजाने घेतलेला चहा कोण नाकारणार?

भांडवल तर महाराजांनी आधीच दिले होते. तेवढ्याने हॉटेल चालले नाही. महाराज स्वतः गिऱ्हाईक झाले तेव्हा चालले. आमचा सगळा मुद्दा यात आहे. दलित उद्योजकाला फक्त पैसा कमी पडतो, असे म्हणणारे अर्धेच सांगतात.

याचा पुरावा आपल्या दारातच आहे. फाळणीनंतर सिंधी निर्वासित कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत आले. 8 ऑगस्ट 1949 रोजी त्या वसाहतीचे नाव उल्हासनगर झाले. घरदार गमावून आलेल्या या माणसांनी पापड, मिठाई, खाण्याचे पदार्थ विकून पुन्हा संसार उभे केले. त्यांच्या कष्टांबद्दल आम्हाला आदरच आहे. पण एक फरक नोंदवावाच लागेल. त्यांच्या हातचा पापड विटाळत नव्हता. आजूबाजूच्या गावांतल्या महार, मांग, चांभार कुटुंबांकडेही तेव्हा भांडवल नव्हते, कष्टाची तयारी होती. त्यांनी मात्र खाण्याचा धंदा काढायचा म्हटला, तर घेणारा हात पुढे येणार नव्हता.

आज काय दिसते? 'मराठा खानावळ', 'ब्राह्मणी पद्धतीचे जेवण' अशा पाट्या अभिमानाने लागतात. महार खानावळ, मांगवाडी भोजनालय अशी पाटी तुम्ही कधी पाहिली आहे का? शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात आपल्या खाद्यसंस्कृतीची नोंद केली, पण ते जेवण हॉटेलच्या मेन्यूकार्डावर येत नाही. आपला माणूस हॉटेल काढतो तेव्हा कित्येकदा आडनाव पाटीवर येऊ देत नाही, बाबासाहेबांची तसबीर गल्ल्यामागे लावताना दोनदा विचार करतो. 1917 साली सराईच्या नोंदवहीत नाव बदलावे लागले होते. आज पाटीवरचे नाव लपवावे लागत असेल, तर अंतर किती कापले?

संघटित बहिष्काराविरुद्ध कायदा आहे. पण नाव वाचून एखादे गिऱ्हाईक मुकाट्याने पुढच्या हॉटेलात गेले, तर कोणते कलम लावणार? कायदा इथे थांबतो आणि समाजाचे काम सुरू होते.

म्हणून आमच्या मागण्या दोन आहेत. पहिली शासनाकडे. 2016 च्या स्टँड-अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकाला 10 लाख ते 1 कोटी रुपयांचे कर्ज द्यावे, असे ठरले होते. आपल्या भागातल्या शाखांनी अशी किती कर्जे हॉटेल, लॉज, ढाब्यांसाठी दिली, ते जाहीर करावे. बारवी आणि उल्हास नदीच्या परिसरात फार्महाऊस, रिसॉर्टचा धंदा वाढतो आहे. तिथे आपली मुले फक्त झाडू-पोछा करणार की मालकही होणार?

दुसरी मागणी आपल्याच बांधवांकडे. आपल्या माणसाने हॉटेल काढले तर उधारी मागायला जाऊ नका, रोख पैसे देऊन जेवायला जा. आणि एकटे जाऊ नका. जात मानत नाही म्हणणारा जो सवर्ण मित्र आहे, त्याला सोबत न्या आणि पाटीवरचे नाव मोठ्याने वाचून मग आत शिरा.

जय भीम!