भयंकर आणि गोजिरा

श्रोतेहो, उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरीं एक वाद झाला, आणि आजच्या भाषणाचा विषय मला त्या वादानेंच दिला. माझ्या चिरंजीवांनीं एके रात्रीं घरच्या पडद्यावर एक जपानी चित्रपट लावला होता. दुसऱ्या दिवशीं नातवानें आपल्या आवडीचा एक अमेरिकन चित्रपट लावला. दोहोंचा नायक एकच : समुद्रांतून वर येणारा आणि तोंडांतून प्रखर किरण ओकणारा गॉडझिला नांवाचा महाकाय प्राणी. पण पहिला चित्रपट संपला तेव्हां घरांतील मंडळी गप्प बसून राहिली, आणि दुसरा चालू असतांना टाळ्या वाजल्या. चिरंजीव म्हणाले, "नाना, दुसऱ्यांत कांहीं अर्थ नाहीं, सगळा पोरखेळ आहे." नातू म्हणाला, "आजोबा, पहिल्यांत मजाच नाहीं!" निवाडा दोघांनींही माझ्याकडे सोंपविला. आतां इतिहासाच्या मास्तराकडे निवाडा मागितला, म्हणजे तो आधीं सालें विचारतो. तीं सालें मीं शोधलीं, जुने चित्रपट पाहिले, आणि जें हातीं लागलें तें आपणांपुढें ठेवीत आहें.

विज्ञानाच्या कल्पनेवर रचलेला एखादा चित्रपट लोकांस आवडला, कीं त्याचे पुढचे भाग निघूं लागतात. मग प्रत्येक भागाच्या वेळीं कर्त्यांपुढें एकच पेंच उभा राहतो : मूळचा खरेपणा जपावा, कीं मौज वाढवीत न्यावी? गॉडझिलाच्या सत्तर वर्षांच्या इतिहासांत या पेंचाचीं दोन्हीं टोकें स्पष्ट दिसतात.

त्याचें मूळचें जपानी नांव 'गोजिरा'. गोरिला आणि देवमासा या अर्थाचे दोन जपानी शब्द जोडून तें बनविलें आहे. मराठी कानाला तें नांव मोठें लडिवाळ वाटतें. परंतु त्याच्या जन्माची हकीकत मुळींच लडिवाळ नाहीं. १ मार्च १९५४ रोजीं अमेरिकेनें प्रशांत महासागरांतील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बाँबची चांचणी घेतली. स्फोटाची शक्ति शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक, म्हणजे १५ मेगॅटन भरली. हिरोशिमावरील बाँबच्या ती सुमारें हजारपट होती. त्या वेळीं एक जपानी मासेमारी नौका जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर होती. तिचें नांव 'दाइगो फुकुर्यु मारु', म्हणजे भाग्यवान ड्रॅगन क्रमांक पांच. कांहीं वेळानें तिच्यावर आकाशांतून पांढरी राख पडूं लागली. नौकेवरील तेवीसही जण त्या राखेच्या किरणोत्सर्गानें आजारी पडले, आणि त्यांच्यांतील बिनतारी यंत्रचालक कुबोयामा आइकिची २३ सप्टेंबर १९५४ रोजीं मरण पावले. त्यानंतर सहाच आठवड्यांनीं, ३ नोव्हेंबर रोजीं, 'गोजिरा' चित्रपट जपानांत प्रदर्शित झाला. त्याच्या आरंभींच समुद्रांत डोळे दिपविणारा प्रकाश होतो आणि एक लहान जहाज नाहींसें होतें. तो प्रकाश कशाचा, हें त्या प्रेक्षकांना कोणीं समजावून सांगण्याची गरज नव्हती.

दिग्दर्शक होंडा इशिरो यांनीं चीनमध्यें सैनिक म्हणून अनेक वर्षें काढलीं होतीं, आणि युद्धानंतर घरीं परततांना हिरोशिमाचे अवशेष डोळ्यांनीं पाहिले होते. चमत्कृतिदृश्यें रचणारे त्सुबुराया एइजी यांनीं युद्धकाळांत पर्ल हार्बरच्या हल्ल्याचें दृश्य लहान प्रतिकृतींच्या साहाय्यानें उभें केलें होतें. आतां त्यांनीं तोकियो शहराची प्रतिकृति बांधली, सुमारें शंभर किलो वजनाच्या रबरी सोंगांत एक माणूस उभा केला, आणि कॅमेरा नेहमींपेक्षां वेगानें फिरविला. त्यामुळें पडद्यावर हालचाल संथ झाली, आणि माणसाचें पाऊल पर्वतासारखें जड दिसूं लागलें. गर्जनेसाठीं संगीतकार इफुकुबे आकिरा यांनीं एका मोठ्या तंतुवाद्याच्या तारा राळ लावलेल्या चामडी हातमोज्यानें घांसल्या. सारांश, साधनें सगळीं सोंगाचींच होतीं.

मग त्या चित्रपटांतील खरेपणा कोठें आहे? तो राक्षसाच्या अंगांत नाहीं. त्याच्या पायाखालच्या माणसांत आहे. पेटलेल्या शहरांत एक विधवा आई आपलीं मुलें कवटाळून बसली आहे आणि त्यांना सांगते आहे, कीं आतां आपण लवकरच बाबांकडे जाऊं. इस्पितळांत जखमींच्या रांगा लागल्या आहेत, आणि एका लहान मुलाजवळ धरलेलें किरणमापक यंत्र टकटक करीत आहे. राक्षसाला मारूं शकणारें अस्त्र डॉ. सेरिझावा नांवाच्या शास्त्रज्ञाजवळ असतें. परंतु तें एकदां जगानें पाहिलें, कीं राज्यकर्ते त्याचाही बाँब करतील, या भीतीनें तो कागद जाळतो, अस्त्र घेऊन समुद्रांत उतरतो, आणि आपलें ज्ञान आपल्याबरोबरच बुडवितो. शास्त्राच्या कसोटीला न उतरणारी ही कथा माणसाच्या कसोटीला पुरेपूर उतरते.

चित्रपट सुमारें ९६ लाख लोकांनीं पाहिला. साहजिकच सहा महिन्यांच्या आंत, एप्रिल १९५५ मध्यें, दुसरा भाग निघाला. तो घाईचा होता. त्यांत एका राक्षसाशीं दुसऱ्याची झुंज लावली, आणि पुढच्या सर्व गंमतीचें बीज तेथें पडलें. परंतु खरें वळण आलें तें १९६२ सालीं. किंग काँग आणि गॉडझिला यांची झुंज रंगीत पडद्यावर आली, आणि ती पाहण्यास एक कोटीहून अधिक लोक गेले. दोघे महाकाय एकमेकांवर शिळा फेंकतात, आखाड्यांतील पहिलवानांसारखे भिडतात, आणि प्रेक्षक पोट धरून हंसतात. राक्षसांकडून गंमत करवून घेण्याची हौस त्सुबुराया यांना होती. मुलांनीं आनंदानें पाहावें असें त्यांना वाटे. १९६४ सालीं तर राक्षसांची परिषद भरली आणि त्यांच्या बोलण्याचा दुभाषा दोन चिमुकल्या पऱ्यांनीं केला. १९६५ सालीं एका परक्या ग्रहावर विजय मिळतांच गॉडझिलानें चक्क उड्या मारीत नाच केला. नांवानें गोजिरा असलेला आतां स्वभावानेंही गोजिरा झाला.

येथें आपला पहिला ग्रह असा होतो, कीं दुःख जाणणाऱ्यांची कलाकृति बाजारबुणग्यांच्या हातीं गेली. श्रोतेहो, माझाही तोच ग्रह होता. परंतु इतिहास तसें सांगत नाहीं. १९६२, १९६४ आणि १९६५ सालचे हे चित्रपट दिग्दर्शित करणारे तेच होंडा होते, आणि राक्षस नाचविणारे तेच त्सुबुराया होते. ज्यांनीं राख पाहिली होती, त्यांनींच हंसूं निर्माण केलें. दरम्यान जपान बदलला होता. जळालेलीं शहरें पुन्हां उभीं राहिलीं होतीं, घरोघरीं दूरचित्रवाणी येत होती, आणि १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांची तयारी चालली होती. आपल्या कोंकणांत दशावतारांतील संकासुर ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना याचें नवल वाटूं नये. वेद चोरणारा तो असुर. पण रंगभूमीवर येऊन तोच गांवाला हंसवितो. भयाला पाळीव करणें, ही माणसाची जुनी रीत आहे.

शिवाय त्या गंमतींत सत्य नव्हतें असें नाहीं. १९६२ च्या चित्रपटांत एका औषध कंपनीचा मालक आपल्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाला प्रेक्षक मिळावेत म्हणून राक्षस पकडून आणवितो. जाहिरातीसाठीं संकट विकत घेणाऱ्या समाजाची ती उघड थट्टा आहे. १९६९ चा चित्रपट तर अनेक रसिकांनीं सर्वांत बालिश ठरविला आहे. त्यांतील झुंजींचीं कित्येक दृश्यें जुन्याच चित्रपटांतून उचललेलीं आहेत. पण त्याचा नायक कोण? कारखान्यांच्या धुरांत राहणारा इचिरो नांवाचा एक लहान मुलगा. आईबाप दोघेही कामावर. शाळेंतून यावें, स्वतः कुलूप उघडावें, आणि रिकाम्या खोलींत बसावें. वाटेंत दांडगीं मुलें त्याला छळतात. राक्षसांचें बेट केवळ त्याच्या स्वप्नांत आहे, आणि तेथून धैर्य घेऊन तो जागा होतो. तें रिकामें घर १९५४ च्या इस्पितळाइतकेंच खरें आहे. हा चित्रपटही होंडांचाच.

आतां याची उलट बाजू पाहा. १९५६ सालीं पहिल्या चित्रपटाची एक निराळी आवृत्ति अमेरिकेंत दाखविली गेली. तींत एका अमेरिकन बातमीदाराचीं दृश्यें घुसविलीं होतीं. आग तीच, भग्न शहर तेंच, चेहराही तितकाच गंभीर. परंतु नागासाकीचा उल्लेख गेला. आणि बाँबच्या चांचण्या चालूच राहिल्या तर दुसरा गोजिरा येईल, ही शेवटची सूचनाही गेली. दिसण्यांत वास्तव असलेला तो चित्रपट आपल्याच कारणाविषयीं मौन पाळतो. नाचणाऱ्या राक्षसापेक्षां हें मौन मला अधिक खोटें वाटतें.

पुढें मौजेचेंही नाणें झिजलें. पैसा कमी पडूं लागला, दूरचित्रवाणीनें प्रेक्षक ओढून नेले, आणि जुनीं दृश्यें पुन्हां पुन्हां वापरलीं जाऊं लागलीं. १९७३ सालीं गॉडझिला शेंपटीवर घसरत जाऊन शत्रूला दोन्हीं पायांनीं लाथ घालूं लागला. १९७५ सालीं होंडा परत आले, तरी तो चित्रपट पाहणारांची संख्या दहा लाखांपर्यंतही पोंचली नाहीं. नऊ वर्षें पडदा रिकामा राहिला. १९८४ सालीं मधले सर्व भाग बाजूस सारून पुन्हां गांभीर्यानें सुरुवात झाली : अमेरिका आणि रशिया अण्वस्त्र टाकण्याची परवानगी मागतात आणि जपानचा पंतप्रधान ती नाकारतो. पुन्हां गंमतीचे भाग आले, पुन्हां गांभीर्य आलें. २०११ च्या भूकंपानंतर आणि फुकुशिमाच्या अपघातानंतर, २०१६ सालीं अन्नो हिदेआकी यांनीं असा चित्रपट केला, कीं त्यांत राक्षस शहर तुडवितो आणि अधिकारी एका सभेंतून दुसऱ्या सभेंत जातात.

यावरून असें दिसतें, कीं हा लंबक बहुधा आपोआप हलत नाहीं. समाजाच्या अंगावर नवी राख पडली, म्हणजे तो खरेपणाकडे येतो. आणि जखम भरत आली, म्हणजे हंसण्याकडे जातो.

आतां आमच्या घरचा खटला. चिरंजीवांचा चित्रपट २०२३ चा, यामाझाकी ताकाशी यांचा. त्यांत युद्धांत मरण टाळून परत आलेला एक वैमानिक जळलेल्या तोकियोंत एका अनाथ मुलीला वाढवितो. मरणें सोपें आणि जगणें कठीण, हें त्याला शिकावें लागतें. अवघ्या पस्तीस जणांनीं केलेल्या त्याच्या चमत्कृतिदृश्यांना मार्च २०२४ मध्यें ऑस्कर पारितोषिक मिळालें. नातवाचा चित्रपट त्याच महिन्याच्या अखेरीस आला. त्यांत गॉडझिला रोमच्या प्राचीन रंगमंडलांत मांजरासारखा वेटोळें करून झोंपतो, आणि काँग लोखंडी हातमोजा घालून लढतो. मीही हंसलों, हें कबूल करतों. शहरें मात्र तेथें पत्त्यांच्या बंगल्यांसारखीं कोसळतात, आणि आंत राहणारांचें पुढें काय झालें, हें विचारण्यास कथेला सवड नाहीं.

शाळेंत असतांना गंमतीचीं पुस्तकें मुलांच्या हातांतून काढून घेणारा मी मास्तर. त्या संवयीनें निवाडा चिरंजीवांच्या बाजूनें देणें सोपें होतें. तो मीं दिला नाहीं. खरेपणा आणि गंमत हे एकमेकांचे वैरी नव्हेत. पायाखालचा माणूस ज्या कथेला दिसतो, ती हंसली तरी खरी. ज्या कथेला तो दिसत नाहीं, ती रडली तरी खोटी. या मापानें नातवाच्या चित्रपटाला मीं मौजेचे पूर्ण गुण दिले, आणि माणसाचे कापले.

मला काळजी वाटते ती निराळ्याच गोष्टीची. जपानी मुलांच्या त्या पिढीला भय आधीं मिळालें आणि हंसूं मागाहून. आमच्या मुलांना हंसूं आधीं मिळतें, आणि भयापर्यंत तीं पोंचतीलच असें नाहीं. म्हणून दुसऱ्या रविवारीं मीं नातवाला शेजारीं बसवून १९५४ चा काळापांढरा चित्रपट दाखविला. रबरी सोंग पाहून तो आरंभीं हंसला. इस्पितळांतील तें यंत्र टकटक करूं लागलें तेव्हां त्यानें विचारलें, "आजोबा, त्या मुलाला काय झालें?" मग त्या तेवीस नावाड्यांची गोष्ट मीं त्याला सांगितली, आणि ती त्यानें शेवटपर्यंत ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशीं त्यानें पुन्हां आपला आवडता चित्रपट लावला. त्यालाही माझी हरकत नव्हती.