गाडी ‘मिसिंग’ मारतेय! एका चुकलेल्या ठोक्याचा इतिहास

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत. आज एक आजार आहे, आणि तोही गाड्यांचा. इंजिन मस्त चालू असतं, मधेच एखादा ठोका चुकतो, गाडी गचका देते आणि पुन्हा काही झालंच नाही अशी धावायला लागते. गॅरेजच्या भाषेत, ‘गाडी मिसिंग मारते’.

आमचं गाव मालेगाव. नाशिकचं नाही हो, वाशिम जिल्ह्यातलं. घरी आजोबांनी घेतलेली १९८९ची प्रीमियर पद्मिनी आहे. अकोल्याला जाताना मेडशी सोडलं आणि पातूरचा घाट आला, की तिला हा आजार व्हायचा. पण कधीकधीच. गेल्या मे महिन्यात आईला अकोल्याला दवाखान्यात नेत होतो, तर भर घाटात, मागे ट्रक असताना ती गचके खायला लागली. घरी आल्यावर बाबा म्हणाले, “बस झालं आता. भंगारवाल्याले बोलाव.”

मी त्यांच्याकडे एक महिना मागितला.

मी सॉफ्टवेअरवाला. माझा पहिला विचार काय? स्कॅनर लावू, एरर कोड वाचू, विषय संपला. पण पद्मिनीला स्कॅनर लावायला जागाच नाही. का नाही, हे समजून घ्यायला जरा मागे जावं लागतं.

पेट्रोल इंजिनात ठिणगी वेळेवर पडणं हा पहिल्यापासूनच डोकेदुखीचा विषय. १९०२मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्ड यांनी जास्त व्होल्टेजचा मॅग्नेटो आणि स्पार्क प्लग ही जोडी तयार केली. पुढे १९१०च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बॅटरी आणि कॉइलवर चालणारी पद्धत आणली. आमच्या पद्मिनीच्या बॉनेटखाली आजही तीच आहे.

ती चालते कशी? बॅटरीचा करंट कॉइलमधून जातो. ‘पॉइंट’ नावाची छोटीशी जोडी उघडली की तो करंट तुटतो, आणि त्या धक्क्याने कॉइलमध्ये हजारो व्होल्ट तयार होतात. डिस्ट्रिब्युटर ते व्होल्टेज पाळीपाळीने प्रत्येक प्लगला वाटतो. आता हिशोब करा. चार सिलिंडर, मिनिटाला ३००० फेरे, म्हणजे पॉइंट सेकंदाला १०० वेळा उघडतो! त्याच्या शेजारी बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर असतो. पॉइंट उघडताना करंट हवेतून उडी मारायला बघतो, कंडेन्सर त्याला तेवढ्यापुरतं पोटात घेतो. तो नसेल तर पॉइंट जळतात आणि ठिणगी मरते.

ही यंत्रणा आमच्या अंगणात आली ती सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्यामुळे. त्यांनी १९४४मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या, मग फियाट ११०० आली, आणि सत्तरच्या दशकात तिचीच ‘पद्मिनी’ झाली. इंजिन १०८९ सीसी. मुंबईची काळीपिवळी म्हणजे हीच. तिथली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. म्हणजे कॉम्प्युटर नसलेली ही गाडी आपल्या स्मार्टफोनच्या काळापर्यंत चालत आली. मग इतकी वर्षं तिचा आजार शोधत कोण होतं? कान!

तर आता आमचा आजार. मी पद्मिनीला बग समजून वही घातली. तारीख, वेळ, ऊन किती, चढ की सपाट, किती किलोमीटरनंतर. तीन आठवड्यांत सहा नोंदी झाल्या आणि एक गोष्ट स्पष्ट दिसली. सहाही वेळा गाडी अर्ध्या तासापेक्षा जास्त चाललेली होती. थंड इंजिन एकदाही चुकलं नव्हतं.

वही घेऊन मी गावातल्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेलो. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्याआधी एका गॅरेजमध्ये प्लग बदलले, वायरी बदलल्या, कार्बोरेटर साफ केला, पॉइंटही नवे टाकले. महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. चाचांनी वही बाजूला ठेवली आणि विचारलं, “मिसिंग मारते तवा गाडी हळूहळू मरते, का झटका देते?”

मी म्हटलं, “झटका. आणि सायलेन्सरमधून फटाका.”

“मंग पेट्रोल नाही, करंट हाये.”

हा फरक समजून घ्या. उन्हाळ्यात पेट्रोलची पाइपमध्येच वाफ होते आणि पंपाला ती खेचता येत नाही. म्हणून जुने लोक पद्मिनीच्या पंपावर ओलं फडकं ठेवायचे. पण तेव्हा इंजिन उपाशी पडतं, दम लागल्यासारखं हळूहळू खाली बसतं. ठिणगी चुकली तर न जळलेलं पेट्रोल पुढे सायलेन्सरमध्ये जाऊन भडकतं. म्हणून झटका आणि फटाका.

चाचांनी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं. महिन्यापूर्वीचे पॉइंट काळे पडले होते. एकावर खड्डा, दुसऱ्यावर टेकाड. “पॉइंट नवे टाकले, पण त्याले जाळणारा तसाच ठेवला,” ते म्हणाले. कंडेन्सर! थंड असताना ठीक, तापला की आतून गळायचा. नवे पॉइंट टाकले म्हणून महिनाभर बरं वाटलं, तेवढंच. चाचांनी डब्यातून एक जुना पण चांगला कंडेन्सर काढून बसवला, पॉइंटचा गॅप लावला. खर्च फार नाही. तेव्हापासून सात वेळा घाट चढून झालाय, वहीत एकही नवी नोंद नाही. सात फेऱ्या म्हणजे पक्का पुरावा नव्हे, म्हणून वही अजून डॅशबोर्डवर आहे.

मग स्कॅनरचं काय? अमेरिकेत १९९६पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. आपल्याकडे भारत स्टेज चारच्या गाड्यांना ते २०१३पासून लागू झालं. यात सेन्सर क्रँकशाफ्टचा वेग मोजतो, आणि एखादा ठोका चुकला की वेगात पडलेला खंड त्याला कळतो. पी ०३०१ म्हणजे पहिला सिलिंडर, पी ०३०० म्हणजे कुठलाही. म्हणजे कॉम्प्युटर तेच ऐकतो जे चाचा ऐकतात. पण कोड सांगतो, ‘ठोका चुकला’. का चुकला ते शोधायला तुम्हाला विचारावंच लागतं: कधी? गरम की थंड? हळूहळू की झटक्यात?

भंगारवाला आला नाही. चाचांच्या गॅरेजमध्ये मात्र आता शिकायला पोरगा नाही, आणि डब्यात असे दोनच कंडेन्सर उरलेत. म्हणून दर रविवारी मी तिथे जाऊन बसतो. ते सांगतात, मी लिहितो.

तुमच्या गावात असे कोणी चाचा असतील, तर एक प्रश्न नक्की विचारा: “तुम्ही कसं ओळखता?” आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू करायला विसरू नका. भेटू पुढच्या भागात!