तिसरी मुलाखत

मध्यमवर्गीय माणसाच्या पत्रिकेत मुलाखतीचे योग दोनच असतात. एक नोकरीचा, दुसरा लग्नाचा. पहिलीत मला ‘डबल एन्ट्री म्हणजे काय’ असे विचारले होते आणि दुसरीत ‘पगार हातात किती येतो?’ पहिले उत्तर चुकूनही नोकरी मिळाली, दुसरे बरोबर देऊनही लग्न झाले. आमच्या धाकट्या बंधूंच्या पत्रिकेत मात्र तिसरा योग निघाला. 2022 साली न्यू जर्सीहून बाळ्याचा फोन आला, “दादा, ग्रीन कार्डाच्या इंटरव्ह्यूला बोलावलंय.”

“अरे, पण नोकरी आहे ना तुला?”

“नोकरी आहे म्हणूनच तर बोलावलंय!”

प्रकार असा की, बाळ्याच्या कंपनीने 2012 साली त्याला ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे केले होते. अशा नोकरीवाल्यांचे अर्ज पूर्वी बहुधा कागदांवरच निकालात निघत. 1 ऑक्टोबर 2017 पासून त्यांनाही समोर बसवून तपासायचे ठरले.

रांग एवढी लांब का, हे मी बी.कॉम. असल्यामुळे लगेच काढले. 1990 च्या कायद्याने नोकरीवाल्यांसाठी वर्षाला सुमारे 1,40,000 जागा ठेवल्या आणि कोणत्याही एका देशाला ढोबळमानाने 7 टक्के. म्हणजे 9,800. आइसलँडलाही तेवढीच मर्यादा आणि आपल्यालाही तेवढीच! पण कुरकुर करण्यात अर्थ नाही. 1946 च्या कायद्याने अख्ख्या हिंदुस्थानला वर्षाला फक्त 100 जागा दिल्या होत्या, आणि त्याआधी 1917 पासून तर दारच बंद होते.

बाळ्याने अर्जातले प्रश्न वाचून दाखवले, तेव्हा घरात हशा पिकला. तुम्ही एकाहून अधिक बायका करणार आहात का? कम्युनिस्ट पक्षाचे सभासद होता का? सरकार बळाने उलथवायचा विचार आहे का? आमची ही म्हणाली, “बाळूभावजींना साधा कुकर उलथवता येत नाही!”

मी मात्र हसलो नाही. बँकेत वीस वर्षे काढल्यावर एवढे कळते की, फॉर्मवरच्या प्रत्येक रकान्यामागे कोणीतरी लबाड, नाहीतर कुणाची तरी भीती दडलेली असते. शोधले तर ती सापडलीच. ‘सरकारवर भार पडेल का’ ही धास्ती 1882 ची. बहुपत्नीकांना बंदी 1891 ची. 1901 साली राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांना एका अराजकवाद्याने गोळी घातली आणि 1903 मध्ये परदेशी अराजकवाद्यांना दार बंद झाले. गंमत म्हणजे मारेकरी अमेरिकेतच जन्मलेला! कम्युनिस्टांची बंदी 1950 ची. माणसे मेली, भीत्याही शिळ्या झाल्या, पण रकाने रिटायर होत नाहीत. आमच्या बँकेसारखेच.

इंटरव्ह्यू झाला त्या रात्री बाळ्याचा फोन आला. साहेबाने कामाचे विचारले, पगाराचे कागद पाहिले, बायकांची संख्या विचारली. मग लाल पेन घेऊन अर्जाचा एकेक रकाना वाचू लागला. “वडील, सध्याचे गाव, सातारा. बरोबर?”

अर्ज भरला होता 2020 मध्ये. अण्णा गेले 2021 मध्ये. बाळ्या आला नव्हता. व्हिसाची मुदत संपलेली. इथे आला असता तर परत जाण्यासाठी नवा शिक्का हवा, आणि कोविडच्या त्या महिन्यांत शिक्क्याची तारीख मिळत नव्हती. बायको-मुलगी तिकडे. मोबाइलवर त्याने अग्नी पाहिला. अग्नी मी दिला, आणि त्याच्यावरचा रागही तिथूनच घरी घेऊन आलो. वर्षभर आम्ही फोनवर फक्त हवापाण्याचे बोलत होतो.

“मग काय सांगितलंस?”

“बोलताच येईना रे. शेवटी म्हटलं, गेले. त्यानं सातारा खोडलं, ‘आय अॅम सॉरी’ म्हणाला आणि शांत बसून राहिला. दादा, कुणी समोर बसून विचारलं असं पहिल्यांदाच.”

परक्या देशाच्या कारकुनाने जे विचारले, ते थोरल्या भावाने वर्षभर विचारले नव्हते. आणि मी स्वतःला फॉर्म वाचण्यातला तज्ज्ञ समजत होतो!

त्या रात्री आम्ही दोन तास अण्णांविषयी बोललो. कार्ड महिन्याभराने आले. पुढच्या वर्षश्राद्धाला बाळ्याही आला. विमानतळावर मी एकच प्रश्न विचारला, “जेवलास का?”

या मुलाखतीत तो पहिल्या फटक्यात पास झाला.