नामावळीतील दोन रामचंद्र

नाशिकच्या रामकुंडावर यात्रेकरू आला, की तीर्थोपाध्याय आडनाव व मूळ गाव विचारतात. तेवढ्यावरून नामावळीचे पान सापडते. खरा घोटाळा पुढेच. नोंदी पिढीच्या क्रमाने नसून आगमनाच्या क्रमाने होत. कधी पुत्र आधी, पिता मागाहून. त्यात नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची महाराष्ट्राची हौस! रामचंद्र गणेश, त्यांचे पुत्र गणेश रामचंद्र, त्यांचे पुत्र पुन्हा रामचंद्र गणेश. हे दोघे एकच मानले, तर दोन पिढ्या लोपतात. पिता, पितामह, प्रपितामह यांच्या नावे द्यावयाचा पिंडच चुकतो. म्हणून भाऊ, पुत्र, शक यांची नोंद होई, आणि यात्रेकरूची स्वहस्ते सही. जुन्या वह्यांतील मोडी अक्षराचे वळणच पुष्कळदा आजोबा-नातवांस वेगळे करी.